टिश्यूचं काळीज

माझ्या माहेरच्या गावात माझ्याबद्दल दोन पक्ष आहेत. एक म्हणतो, ही पोर बापासाठी काळीज पिकवत होती. दुसरा म्हणतो, हिने काळजाच्या नावावर बापाचं शेत लाटलं. दोन्ही पक्ष पारावर शेजारी शेजारी बसतात आणि एकाच किटलीतला चहा पितात. खरं काय ते सांगायला मी पुष्कळदा तोंड उघडलं, पण ऐकून घ्यायला कोणाला सवड नाही. म्हणून आता लिहून टाकते. ज्याला वाचायचं त्याने वाचावं, बाकीच्यांनी खुशाल गप्पा हाणाव्यात.

आधी माझं काम काय ते सांगायला हवं, कारण सगळी भानगड तिथूनच सुरू झाली. मी पुण्यात एका प्रयोगशाळेत हृदयाच्या स्नायूच्या पेशी वाढवते. माणसाच्या रक्तातल्या पेशी घ्यायच्या, त्यांना मागे नेऊन गर्भातल्या पेशींसारखं कोवळं करायचं आणि मग हृदयाच्या स्नायूकडे वळवायचं. नुसत्या सपाट बशीत वाढवल्या तर त्या तळाला चिकटून चपट्या होतात. म्हणून आम्ही त्यांची कुपी एका यंत्रावर बसवतो. एकात एक अशा दोन चौकटी, दोन्ही वेगवेगळ्या दिशांनी संथपणे फिरत असतात, आणि आतल्या पेशींना खालची बाजू कोणती हे कळत नाही. अंतराळात वजन हरवतं ना, तसा भास इथे जमिनीवर, एका उबदार कपाटात, तयार करायचा. मग पेशी एकमेकींना धरून गोळे करतात आणि खऱ्या स्नायूच्या जास्त जवळ जातात. कुपी काठोकाठ भरावी लागते. हवेचा एक बुडबुडा जरी राहिला, तरी तो आत घुसळण करतो आणि इतक्या दिवसांची मेहनत मातीत जाते.

या गोळ्यांवर औषधं तपासता येतात, आजार समजून घेता येतो. पुढे कधीतरी मेलेल्या स्नायूला त्यांचं ठिगळ लावता येईल अशी आशा आहे. त्या 'कधीतरी'ची तारीख कोणी दिलेली नाही. मी तर कधीच दिली नाही, हे ठणकावून सांगते.

एवढं मात्र खरं की त्या पेशी धडधडतात. कोणी न सांगता, आपल्या आपण. खसखशीच्या दाण्याएवढा गोळा सूक्ष्मदर्शकाखाली आकसतो, सुटतो, पुन्हा आकसतो. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी खुर्ची ओढून तिथेच बसून राहिले होते. असं काही हाताला लागलं की माणूस ते घरी दाखवतोच. मीही दिवाळीला गेले तेव्हा आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, मोबाईलवर दाखवलं.

आबा ओट्यावर बसले होते. त्यांनी चष्मा पुसला, मोबाईल लांब धरला, जवळ धरला.

"हाई काय शे?"

"काळीजन्या पेशी शेतस, आबा. मी वाढायेल."

"आपोआप उडी ऱ्हायन्यात?"

"हा."

"बरणीमा?"

"हा, बरणीमाच म्हना."

आबांनी मोबाईल परत दिला आणि आईला हाक मारून सांगितलं, "अवं, ऐकं का, आपली पोर काळीजनं टिश्यू कल्चर करी ऱ्हायनी."

आता यात चूक काय होती सांगा. आम्हीही त्याला टिश्यू कल्चरच म्हणतो. पण आमच्या शहादा तालुक्यात टिश्यू कल्चर हा शब्द केळीवाल्याला शिकवावा लागत नाही. कोंबाचा एवढासा तुकडा घेतात, प्रयोगशाळेत बरणीत ठेवतात, त्याची पुष्कळ रोपं होतात, हिरव्या जाळीखाली थोडी टणक करतात आणि ट्रकने शेतावर पाठवतात. रोपं आधीपासून बुक करावी लागतात. सगळी एका उंचीची, एका वयाची, रोगराई नसलेली. म्हसावदच्या बाजूला आमच्या गावात असं रोप पहिल्यांदा कोणी लावलं असेल तर आबांनी. ती प्रयोगशाळाही ते बघून आले होते, पाय धुऊन, डोक्यावर पांढरी टोपी घालून. मांडण्यांवर ओळीने लावलेल्या बरण्या त्यांनी डोळ्यांनी पाहिल्या होत्या. बरणीत बोटभर हिरवं काहीतरी दिसतं आणि वर्षभरात त्याला दोन माणसांनी उचलावा असा घड लागतो, हे त्यांनी स्वतःच्या शेतात अनुभवलं होतं. अशा माणसाने काळजाबद्दल वेगळं काय समजावं?

भावाला, तो माझ्यापेक्षा लहान, या गोष्टीचा फार आनंद झाला. त्याने चौकात फ्लेक्स लावला. माझा लग्नातला फोटो, शेजारी लालभडक बदाम, वर एक रॉकेट, आणि खाली त्याचा स्वतःचा फोटो माझ्याहून मोठा. मग शाळेच्या पटांगणात सत्कार झाला. भाषण करणारे पुढारी म्हणाले की अंतराळातलं हृदय आता आपल्या गावाला मिळणार. मी माईक हातात घेऊन सांगितलं की असं काही नाही, हे अजून दाण्याएवढं आहे, याचं हृदय होत नाही. लोकांनी आणखी टाळ्या वाजवल्या. एक म्हातारे मला बाजूला घेऊन म्हणाले, एवढी शिकून पण गर्व नाही पोरीला. मी कपाळाला हात लावला.

इथवर सगळं हसण्यावारी होतं. मग होळी आली.

होळीला आमच्याकडे केळी कापणारे मजूर सातपुड्यात आपापल्या पाड्यांवर जातात. तिकडे काठी गावची मोठी होळी असते, मग दोन-चार दिवस कोणी फिरकत नाही. त्या वर्षी नेमका माल तयार होता आणि व्यापाऱ्याची गाडी बांधावर उभी होती. आबा स्वतः घड उचलायला गेले. थोड्या वेळाने बांधावर बसले, घामाने ओलेचिंब, डावा हात चोळत. भावाने शहाद्याला नेलं, शहाद्याच्या डॉक्टरांनी सुरतेला पाठवलं. मी पुण्याहून निघून सुरतेला पोचले तोवर तपासणी झाली होती. हृदयाच्या तिन्ही मोठ्या रक्तवाहिन्या तुंबलेल्या, स्नायूचा एक कोपरा कमकुवत झालेला. सर्जन म्हणाले, बायपास करा आणि लवकर करा, पुढचा झटका इतका समजूतदार नसेल.

आबा उशीला टेकून ऐकत होते. म्हणाले, "डॉक्टरसाहेब, मन्ही आंडेर, हाई पोर, काळीज तयार करी ऱ्हायनी. आम्ही थांबतस."

सर्जनांनी माझ्याकडे पाहिलं. मी बाहेर नेऊन त्यांना माझं काम समजावून सांगितलं. ते हसले, छान काम आहे म्हणाले, आणि काकांना समजवा असं सांगून पुढच्या पेशंटकडे गेले. त्यांना काय जातं म्हणायला.

मी समजावलं. देवाशपथ, माझ्या हातात होतं तेवढं समजावलं. कागदावर हृदय काढलं, रक्तवाहिन्या काढल्या, माझा गोळा पेन्सिलीच्या टोकाने टिंबासारखा काढून दाखवला. म्हटलं, "आबा, हाई खसखसना दाना एवढं शे."

"केळनं रोप बी बरणीमा बोटएवढंच ऱ्हास."

"आबा, त्याले वाढाडता येत नही. त्याले आत रक्तच पोचत नही."

"आज नही, उद्या येई. पहिले टिश्यूले बी लोके हसनात."

"तुम्हले तितला टाईम नही."

"मंग तू घाई कर ना."

ते हट्टी होते असं म्हणून मोकळं होता येत नाही. त्यांचा हिशेब त्यांच्या शेतीपुरता अगदी बरोबर होता. नवीन रोपं बुक झाली की जुन्या बागेला कोणी खत घालत नाही, उपटून टाकतात. तसं हे जुनं काळीज, त्याला कशाला कापायचं, कशाला शिवायचं? घरी परत आणल्यावर येणाऱ्या-जाणाऱ्याला ते हेच सांगत, आणि माणसंही मान डोलवत. भाऊ म्हणायचा, आबाचं वय झालं, कापाकापी कशाला, ताईचं होईलच काहीतरी. मला वाटायचं याच्या एक कानाखाली द्यावी. ओट्यावरून विहिरीपर्यंत चालताना बापाला वाटेत उभं राहावं लागतंय, ओठ काळे पडतायत, आणि हा ताईचं होईल म्हणतोय.

मला प्रयोगशाळेची खोड आहे, जे नाही ते आहे म्हणायचं नाही. तीच गोष्ट मी पुन्हा पुन्हा, प्रत्येक फोनवर सांगत राहिले. आबांना वाटू लागलं की प्रयोगशाळेवाले मला बोलू देत नाहीत. केळीच्या प्रयोगशाळेतही आतल्या खोलीत कोणाला सोडत नाहीत, तसंच.

शेवटी आई बोलली. परसात भुईमुगाच्या शेंगा फोडत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "खरं बोली बोली तू त्यासले मारी टाकशी, बाई."

तिने पुढची शेंग फोडली.

"खोटं बोल. पन त्यासले सुरतले ली जाय."

हे तिने सांगितलं. तिने. हे मी मुद्दाम लिहून ठेवते आहे.

दुसऱ्या दिवशी आबांबरोबर शेतात गेले. आमच्या विहिरीच्या पाण्याला क्षार फार. ठिबकच्या नळ्या क्षाराने तुंबतात, मग त्यातून अॅसिड सोडून धुवाव्या लागतात, आणि तरीही पाणी येईना तर शेजारून नवी नळी टाकावी लागते. आबा वाकून एक नळी बोटाने ठोकत होते. मी म्हटलं, "आबा, नवं रोप लावानं आगोदर नळ्या पाहतस का नही?"

"पाहनंच पडस. पानी नही ते रोप काय करी?"

"मंग तुम्हना छातीमा नळ्या तुंबेल शेतस. काळीज कितलं बी चांगलं लावा, वाळी जाई. बायपास म्हंजे शेजारे नवी नळी टाकनं. ते करा, मंग रोप."

आबा सरळ उभे राहिले. नळीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"हाई तू पहिले काब नही सांगं?"

झालं. कागदावरची चित्रं, समजावणं, रडणं, ओरडणं, सगळं वाया गेलं होतं आणि एका खोट्याने काम झालं. मला हलकं वाटायला हवं होतं. पण मला राग आला, त्यांचा, आईचा आणि त्या नळीचाही. तरी तोंड गोड ठेवलं.

इथे संपलं असतं तर बरं होतं. पण आमच्याकडे एक रीत आहे. लग्न झालेल्या लेकीच्या घरचं बाप पाणीसुद्धा फुकट पीत नाही. आबा माझ्याकडे पुण्याला यायचे तेव्हा स्वतःच्या शेतातली दादर ज्वारी दळून आणायचे, निघताना माझ्या हातात नोट ठेवायचे, आणि मी नको म्हटलं की चिडायचे. लेकीचं खाल्लेलं फेडायला पुढचा जन्म घ्यावा लागतो, असं त्यांची आई म्हणायची म्हणे. पाण्याचं हे, तर काळजाचं काय?

संध्याकाळी जेवताना त्यांनी जाहीर केलं, "पोरनं काळीज मी फुकट लेनार नही. ब्राह्मणपुरीना रस्तावरलं शेत तिना नावे करी देस."

भावाचा घास हातातच राहिला. ते शेत आबांनी स्वतः कमावून घेतलेलं, रस्त्यालगत, काळी जमीन, पाण्याची सोय. भावाने तिथे पेट्रोलपंपाची स्वप्नं पाहिली होती.

मी म्हटलं, "आबा, काळीज मन्हं नही, लॅबनं शे. मले काही नको."

"लॅबनं लॅब पाही लेई. मेहनत तुन्ही शे."

"मी लेनार नही."

"मंग मी सुरतले येनार नही."

एवढं बोलून ते भाकरी मोडायला लागले. भाऊ माझ्याकडे असा बघत होता की जणू मीच त्यांना शिकवून बसवलं आहे. तो म्हणाला, "ताई, आबाले काय पाजं तू?" मी आईकडे पाहिलं. आईने भाजी वाढता वाढता डोळ्यांनी खूण केली, घे. आमच्या भागातल्या बहिणी माहेरी येतात, साडी घेतात आणि जमिनीवरचा हक्क सोडून जातात. मीही वडिलोपार्जित जमिनीवरचा सोडलेला होता, कुरकुर न करता. मला खरोखर काही नको होतं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत झाली. शेत नाकारलं तर बाप मरणार होता, घेतलं तर मी लबाड ठरणार होते. मी बाप निवडला.

शहाद्याच्या दुय्यम निबंधक कार्यालयात बक्षीसपत्र झालं. भावाने साक्षीदार म्हणून सही केली, पेन इतकं दाबून की कागद फाटेल असं वाटलं. आबा खुशीत होते. बाहेर येऊन त्यांनी सगळ्यांना उसाचा रस पाजला.

ऑपरेशन सुरतेला झालं आणि उत्तम झालं. छाती उघडली, पायातली शीर काढून शेजारून नव्या वाटा केल्या, छाती बंद केली. शुद्धीवर आल्यावर दुसऱ्या दिवशी सर्जन फेरीला आले तेव्हा आबांनी बारीक आवाजात विचारलं, "नवा रोपले जागा ठेयेल शे ना?" सर्जनांना वाटलं औषधाच्या गुंगीत बोलतायत. त्यांनी आबांच्या खांद्यावर थोपटलं आणि म्हणाले, सगळं व्यवस्थित आहे काका. मी खिडकीतून खालच्या रिक्षा बघत उभी राहिले.

पावसाळा गेला, थंडी गेली. आबांची तब्येत सुधारत गेली. ओठांचा काळेपणा गेला, चालणं वाढलं, आवाज पहिल्यासारखा खणखणीत झाला. प्रत्येक फोनला एकच प्रश्न, रोप कव्हय, म्हणजे कधी? मी टोलवत राहिले. यंत्र बिघडलंय, साहेब परदेशी गेलेत, अजून टणक व्हायचंय. मला वाटत होतं की बरं वाटायला लागलं की विसरतील. माणसं विसरतात म्हणे. माझा बाप काही विसरला नाही.

मग आईचा फोन आला. आबांनी गोळ्या सोडल्या होत्या. विडी पुन्हा सुरू झाली होती, भजी, शेव, सगळं चालू होतं. का, तर नवं येवानं शे, जुनाना लाड कसाले. शहाद्याच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की गोळ्या बंद केल्या तर नव्या वाटाही तुंबतील, आणि मग दुसऱ्यांदा छाती उघडणं सोपं नाही. म्हणजे ज्या खोट्याने त्यांना वाचवलं तेच आता त्यांना मारायला निघालं होतं. आई फोनवर म्हणाली, "कायतरी कर." काय करू ते मात्र या वेळी तिने सांगितलं नाही.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी गेले. गावभर झोके बांधलेले, लेकी आलेल्या, गाणी चाललेली. मी आबांना शोधत केळीत गेले. ते वाळकी पानं कापत होते, तोंडात विडी.

"उनी का? रोप कव्हय येवानं ते सांग आते."

"आबा, विडी टाका पहिले."

"रोप सांग."

"रोप नही, आबा."

"म्हंजे लेट शे?"

"लेट नही. नहीच. कव्हयच नव्हतं. तुम्ही सुरतले येत नव्हतात, म्हनीसन मले खोटं बोलनं पडनं. हाईच काळीज शे तुम्हनं. दुसरं येनार नही. गोळ्या ल्या, नही ते हाई बी जाई."

आबांनी विडी टाकली. पायाने चुरडली. कोयता कापडाने पुसला, नीट, दोन्ही बाजूंनी. मला वाटलं आता ओरडतील, आणि ओरडले असते तर बरं झालं असतं. मी भांडले असते, रडले असते, पाया पडले असते.

ते म्हणाले, "रोप खोटं. शेत खरं."

आणि घराकडे चालू लागले.

मी मागे धावले. म्हटलं शेत परत घ्या, आजच्या आज घ्या, मला ते कधी नको होतं, तुम्हीच अडून बसला होता. ते ऐकत नव्हते. भरभर चालत होते, मलाच धाप लागली. घरी पोचले तर आई आमरसाच्या वाट्या भरत होती, भाऊ पाटावर बसला होता. आबांनी दारातूनच सांगितलं, "इनी मले फसाडं. शेत लिधं आनि फसाडं."

मी आईकडे वळले. "माय, सांग ना तू. तूच सांगेल ना मले खोटं बोल म्हनीसन?"

आईने वाटी भावापुढे ठेवली. मग आबांच्या पाटापुढे ठेवली. मग म्हणाली, "मले काय समजस त्यामानं?"

आईचंही काही खरं असेल. तिला त्याच घरात, त्याच माणसाबरोबर उरलेलं आयुष्य काढायचं आहे, मी काय, संध्याकाळच्या गाडीने जाणार. हे सगळं मला समजतं. नवऱ्यानेही तेच समजावलं. पण मी तिला माफ केलेलं नाही आणि करेन असं वाटत नाही. आपलेच दात आणि आपलेच ओठ म्हणतात, पण तो चावा मला लागला, तिला नाही. त्या दिवशी ती एक वाक्य बोलली असती तर मी आज माहेरी जाऊ शकले असते.

भाऊ मात्र एकदम कर्तबगार झाला. आखाजीची रजा संपायच्या आत त्याने वकील गाठला. चौकातला माझा फ्लेक्स उतरला आणि त्याचं कापड ट्रॅक्टरवर झाकायला गेलं. गावात गोष्ट पसरायला वेळ लागला नाही. शिकलेल्या पोरी अशाच, बापाला काळजाचं आमिष दाखवलं, असं बायका पाणवठ्यावर बोलू लागल्या. सत्काराच्या वेळी मला गर्व नाही म्हणणारे तेच म्हातारे म्हणाले, आधीच वाटलं होतं.

पुण्याला परत आले, कामाला लागले. कपाटाच्या काचेतून दोन चौकटी संथ फिरताना दिसत होत्या. सोबत काम करणारीने विचारलं, वडील कसे आहेत? मी म्हटलं, ठणठणीत. त्या दिवशी माझ्या हातून कुपीत बुडबुडा राहिला आणि पूर्ण खेप फेकून द्यावी लागली. फेकण्याआधी एकदा सूक्ष्मदर्शकाखाली घेतली. काही गोळे तरीही धडधडत होते. मला त्यांचं कौतुक-बिवतुक काही वाटलं नाही, वैताग आला.

वकिलाची नोटीस यायच्या आधी मीच भावाला फोन केला. म्हटलं तारीख काढ, येते. त्याला वाटलं होतं मी काहीतरी मागेन. मी काही मागितलं नाही तेव्हा तो जरा वरमला, पण लगेच म्हणाला, आबा म्हणतात शेत त्यांच्या नावे नको, माझ्याच नावे कर. मी म्हटलं, करते.

पुन्हा तेच कार्यालय. दुपारचं ऊन, लिफ्ट बंद. भाऊ फाईल घेऊन खाली फोनवर बोलत राहिला, मी आणि आबा जिना चढायला लागलो. ते माझ्या पुढे होते, कठड्याला हात न लावता चढत होते. मधल्या वळणावर मी थांबले आणि वर पाहिलं. ओट्यावरून विहिरीपर्यंत जाताना वाटेत थांबणारा माणूस, दोन मजले न थांबता, मागे न बघता गेला. मला आनंद झाला. खरंच झाला, लपवून काय करू? आणि त्याच वेळी इतकं जोरात रडू आलं की पदर तोंडात कोंबावा लागला.

वर कारकुनाने विचारलं, "राजीखुशीने देताय ना? कोणाचा दबाव नाही ना?"

"नाही," मी म्हटलं.

आबा बाकावर बसले होते. घड्याळाकडे पाहून त्यांनी सदऱ्याच्या खिशातून गोळीचं पाकीट काढलं, एक गोळी काढली आणि पाणी शोधू लागले. माझ्या पिशवीत बाटली होती. मी झाकण उघडून पुढे केली. त्यांनी बाटलीकडे पाहिलं, उठले, आणि कोपऱ्यातल्या माठावर जाऊन गोळी घेतली.

त्या दिवसापासून त्यांनी एकही गोळी चुकवलेली नाही, असं भावजय चोरून फोन करून सांगते. वेळच्या वेळी घेतात, विडीला शिवत नाहीत. ज्याचं करावं भलं, तो म्हणतो माझंच खरं. गेल्या तपासणीत शहाद्याचे डॉक्टर म्हणाले, हृदय छान चाललंय, अजून पुष्कळ वर्षं काही होत नाही. तेवढी वर्षं ते माझ्याशी बोलणार नाहीत.